मानसिक आजार आणि सरकारी नोकरीतले दिव्यांग आरक्षण: पात्रता, प्रमाणपत्र, अर्ज

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी किंवा तीव्र नैराश्यावर वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या अनेकांना आपण दिव्यांग आरक्षणात बसू शकतो हेच ठाऊक नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. कलम 34 नुसार सरकारी भरतीत 4 टक्के जागा राखीव असतात. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे.

आरक्षणासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. टक्केवारी आजाराच्या नावावरून ठरत नाही. मनोविकारतज्ज्ञ ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण दिले जातात. आजार किती जुना आहे, त्याचे गुण वेगळे. म्हणून फक्त शेवटची चिठ्ठी नेऊ नका. पहिला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून न्या. सोबत रोज घरात असणारे माणूस असावे. तपासणीत संकोचाने “आता ठीक आहे” एवढेच सांगितले, तर कामात नेमके काय अडते ते नोंदलेच जात नाही. वाढवूनही सांगू नका. जुन्या नोंदींशी विसंगती दिसली की प्रकरण लांबते.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा (आधार चालते), अलीकडचा फोटो आणि उपचाराची कागदपत्रे लागतात. आपल्या जिल्ह्यातले किंवा उपचार सुरू असलेल्या जिल्ह्यातले रुग्णालय निवडता येते. नाव आधारवर आहे तसेच लिहा आणि ते दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, हे आधीच पाहा. निर्णय मान्य नसेल तर कलम 59 खाली अपील करता येते.

भरतीचा अर्ज भरण्याआधी जाहिरातीत त्या पदासमोर ‘एमआय’ (मेंटल इलनेस, म्हणजे मानसिक आजार) आहे का ते पाहा. ते पद मानसिक आजारासाठी योग्य ठरवलेले नसेल, तर 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र असूनही राखीव जागा मिळत नाही. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत जाहिरातीतल्या अंतिम तारखेशी ताडून घ्या. केंद्राच्या थेट भरतीत वयात साधारणपणे 10 वर्षांची सूट मिळते.

रुजू झाल्यावर कलम 20 नुसार सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी द्यायच्या असतात. फिरती रात्रपाळी नको, ही मागणी त्यात बसते: बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो. मागणी लेखी करा आणि डॉक्टरांची शिफारस जोडा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून काढून टाकता किंवा पदावनत करता येत नाही. जमेल असे दुसरे पद नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा पदावर ठेवावे लागते.

खासगी कंपनीला हे 4 टक्के लागू नाहीत. पण 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर समान संधी धोरण आणि त्यासाठी संपर्क अधिकारी असणे बंधनकारक आहे. मुलाखतीआधी ते धोरण मागून वाचा.