मनापासून प्रार्थना (ख्रिस्ती)

ख्रिस्ती माणसाची प्रार्थना म्हणजे येशूच्या नावाने स्वर्गातल्या बापाशी बोलणं, आणि शेवटी आमेन. ती मनापासून केलीये की नुसतीच म्हटलीये हा प्रश्न जुना आहे, खुद्द येशूनेच काढलेला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात तो सांगतो की लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करतात तसं करू नका, खोलीत जा, दार लावा, उगाच बडबड करू नका, तुम्हाला काय पाहिजे ते तुमच्या बापाला मागायच्या आधीच माहिती असतं. आणि लगेच नमुना पण देतो, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', म्हणजे प्रभूची प्रार्थना, जी कॅथलिक असो नाहीतर प्रोटेस्टंट, सगळ्यांना लहानपणापासून पाठ असते. गंमत अशी की पाठ असल्यामुळे सगळ्यात जास्त घाईत हीच उरकली जाते.

खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती सगळीकडे सारखी नाही. नवापूर भागात आदिवासी मंडळ्या (म्हणजे चर्चचे समुदाय) बऱ्याच, भुसावळला रेल्वेमुळे जुनी चर्चेस. पश्चिम खान्देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केलं (1949 नंतर त्याचं नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, म्हणजे टीम, झालं), कॅथलिक लोक 1987 साली झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. पद्धती वेगळ्या, कुठे जपमाळ, कुठे उपास-प्रार्थना, कुठे टाळ्या वाजवून गाणी.

घरगुती प्रार्थना सभेला बसलं की विषय लगेच कळतो. चटईवर दाटीवाटीने माणसं, बायकांच्या डोक्यावर पदर, खंजिरीवर दोन गाणी होतात, मग कुणाला काय विनंती आहे ते विचारतात. मंडळीतला एखादा शिकलेला भाऊ सुरू होतो, 'हे परमदयाळू सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन', आणि दहा मिनिटं थांबत नाही, घरी तो असं कधीच बोलत नसतो. त्याच्यानंतर कोपऱ्यातली म्हातारी अहिराणीत म्हणते, 'देवा, मन्हा पोऱ्या सुरतले गयेल शे, त्याले दखजो, दारूले हात लावू देऊ नको', आमेन, झालं. आता भावाची प्रार्थना खोटी असं कुणी म्हणू नये, ग्रंथातली भाषा कानावर पडून पडून तोंडात बसते आणि देवापुढे चांगलं बोलावं हाही आदरच. पण म्हातारीने जे आहे तेच सांगितलं. येशूच्या गोष्टीतला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहूदी, मंदिरात उभा राहून आपले उपास आणि दशांश मोजून दाखवतो, आणि जकातदार लांब उभा राहून वर सुद्धा न बघता ऊर बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार (लूक 18).

आवाजावरून मात्र काही ठरत नाही. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे विश्वास नव्याने जागा होण्याची लाट, झालं त्यात शेकडो बाया-मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आजही पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तसंच चालतं आणि नव्या माणसाला वाटतं हा काय गोंधळ. उलट बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना, तिचे फक्त ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. दोन्हीकडे मन ओतलेलं असू शकतं.

तक्रार करायला लोक फार घाबरतात, असं वाटतं की देवाला रागाने बोललो तर पाप लागेल. पण बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक उघडून बघा, 150 स्तोत्रांत रडगाणी भरपूर, तेराव्यात सरळ विचारलंय की परमेश्वरा, कुठवर मला विसरणार, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. रावेर-यावलकडे वादळात उभी केळीची बाग आडवी झाल्यावर त्याच संध्याकाळी 'प्रभू तुझे आभार' एवढंच म्हणणारा शेतकरी कदाचित खूप विश्वासू असेल, पण 'असं का केलंस' म्हणणारा पण बायबलमध्येच बसतो.

जिथे खरी अडचण होते ती जागा वेगळीच आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की वेदीजवळ अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. बांधावरून सख्ख्या भावांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद, आणि रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये पुढच्या-मागच्या बाकावर बसून प्रभूच्या प्रार्थनेतलं 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणतात, हे खेडोपाडी काही नवीन नाही. पाळक उपासनेत बोलतात, लोक मान हलवतात, बांध तिथेच.

शिकवताना बहुतेक पाळक चार भाग सांगतात, स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती, विनंती, ते ठीक आहे, सुरुवातीला आधार मिळतो. मन भटकतं त्याला इलाज म्हणून काही लोक प्रार्थना वहीत लिहितात, काही छोटीच करतात, येशूचा शिष्य पेत्र बुडताना 'प्रभू, मला वाचव' एवढंच ओरडला होता. दार लावायची खोली हा मात्र प्रॉब्लेमच, ऊसतोडीला गुजरातला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीला धड दारच नसतं, मग बायका पहाटे चूल पेटवता पेटवता करतात, पुरुष बैलगाडीवर. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की काय मागावं ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतःच आपल्यासाठी शब्दांविना कण्हत विनंती करतो, थकलेल्या माणसाला हे वचन फार लागू पडतं.

आजारपणात प्रार्थना की दवाखाना असा वाद काही ठिकाणी निघतो, तो उगाचच आहे, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचंच हॉस्पिटल आहे.

मागितलेलं मिळालं नाही तर प्रार्थना कमी पडली असं सांगणारे पण भेटतात. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने प्याला, म्हणजे पुढचं दुःख, टळावा म्हणून मागितलं आणि लगेच म्हणाला माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, प्याला काही टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे. तरी सभेत साक्ष द्यायला उभे राहतात ते बहुधा ज्यांचं काम झालं तेच, ज्याचं झालं नाही तो मागे बसून राहतो, खरंतर त्याचीही साक्ष ऐकायला पाहिजे, पौलाने आपली नाकारलेली विनंती करिंथच्या मंडळीला पत्रात लिहूनच पाठवली होती.