पेलेट भारी की बॅरलला जमणारं? एअर पिस्तुलाचं ट्यूनिंग आणि गोळीचा हिशोब

नाशिकमध्ये कोणी पोरगं नव्याने पिस्तुल शूटिंगला लागलं की त्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात भारी पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची शिशाची छोटी गोळी, कोणतं? पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ आणलं, त्यानंतर हा खेळ घरोघरी माहीत झाला ते फार चांगलं झालं, पण हा प्रश्न मात्र उलट्या टोकाने सुरू होतो असं मला मनापासून वाटतं. भारी पेलेट असं काही नसतं, तुमच्या बॅरलला म्हणजे नळीला जमणारं पेलेट असतं, आणि त्याच्याही आधी पिस्तुलाच्या ग्रिपकडे म्हणजे मुठीकडे आणि ट्रिगरकडे बघायचं असतं.

का ते आकड्यांत बघू. १० मीटरच्या टार्गेटमधला दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा, त्याच्या बाहेरची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. पिस्तुलावर नेम धरायला दोन साइट असतात, पुढे खुंटी आणि मागे खाच, त्या पुढच्या साइटपासून मागच्या साइटपर्यंतचं अंतर धरा साधारण ३३ सेंटीमीटर. आता पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध न राहता फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी ३० मिलिमीटर बाजूला जाते, म्हणजे दहाच्या जागी थेट सात. एक दशांश मिलिमीटर चुकलं तरी ३ मिलिमीटर गेले. आणि तेच पिस्तुल टेबलावरच्या व्हाइसमध्ये (शिकंजात) घट्ट पकडून, त्याला जमणारं पेलेट घालून मारलं तर सगळे शॉट जवळपास एकाच भोकात जातात, ते भोक एका पेलेटपेक्षा जरासंच मोठं असतं. म्हणजे गोळीची चूक फार तर एकदोन मिलिमीटरची आणि हाताची, साइटची चूक त्याच्या कितीतरी पट. अंबड, सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चरच हलत असेल तर टूल कितीही महाग आणा, जॉब रिजेक्टच होणार.

म्हणून आधी ग्रिप. लाकडी ग्रिप विकत मिळते ती साइजमध्ये, पण तुमचा तळवा कुठल्याच साइजचा नसतो, त्यामुळे पुट्टी लावणं, कानस मारणं, पॉलिश पेपर घासणं हे करावंच लागतं. तपासायची पद्धत सोपी आहे, पिस्तुल रिकामं आहे याची खात्री करून, तोंड टार्गेटकडे ठेवून, डोळे मिटून हात वर घ्या, मग डोळे उघडा. पुढची साइट खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमची, आणि रोज डावीकडेच दिसत असेल तर मनगट वळवून ती मध्ये आणू नका, ग्रिप घासा. वळवलेलं मनगट पहिल्या दहा शॉटना साथ देतं, साठाव्या शॉटला देत नाही. फक्त नियम सांभाळा, एअर पिस्तुलाची ग्रिप हाताला वेढा घालणारी चालत नाही, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि सगळं पिस्तुल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात बसायला हवं.

मग ट्रिगर. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटर पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा, आणि मॅचला तो वजन टांगून तपासतात. बहुतेक मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचे असतात, पहिला टप्पा बोटाने आरामात ओढून घ्यायचा, मग भिंतीसारखं काहीतरी लागतं, तिथून पुढे सुटायचं. माझं मत असं की नवशिक्याने पहिल्या टप्प्यावर जास्त वजन ठेवावं आणि दुसऱ्यावर कमी, म्हणजे सुटताना बोटाचा झटका कमी बसतो. ट्रिगर सुटल्यावर बोट किती पुढे जातं ते थांबवणारा स्क्रू असतो, तोही नीट लावा कारण पेलेट अजून बॅरलमध्येच असतं. सेकंदाला १५० मीटर वेगाने बाहेर पडणारं पेलेट २४ सेंटीमीटरच्या बॅरलमधून जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतं, तेवढ्यात हात हलला की शॉट हलला. कंपनीने दिलेले स्क्रूच फिरवा, स्प्रिंग कापणं किंवा आतले भाग घासणं हे काम आर्मररचं म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, कारण बिघडलेला ट्रिगर धक्क्यानेही सुटू शकतो.

आता पेलेट. मॅचचं पेलेट पुढून सपाट असतं म्हणजे कागदात गोल स्वच्छ भोक पडतं, वजन साधारण अर्धा ग्रॅम, आणि डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असा डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. फरक फक्त दहा मायक्रॉनचा, पण बॅरलच्या आतल्या खाचांत शिसं किती घट्ट बसतं ते त्यावर ठरतं. आणि त्याहून महत्त्वाचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाचा नंबर. आपल्याकडच्या द्राक्षांसारखंच आहे, जात तीच थॉमसन पण प्लॉट बदलला की साखर बदलते, तसं एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटचं तुमच्या बॅरलशी वेगवेगळं जमतं.

टेस्ट करताना बहुतेक लोक इथेच फसतात. पाच शॉट मारले, छान ग्रुप आला म्हणजे भोकं जवळजवळ पडली, हाच लॉट घ्या! पण नुसत्या योगायोगाने पाच शॉटचा ग्रुप सहज पाव भाग लहानमोठा येतो, पिस्तुल तेच, पेलेट तेच. शिवाय पाचाच्या जागी दहा शॉट मारले की ग्रुप सरासरी पाव भाग मोठाच दिसतो, म्हणून पाचाचा ग्रुप दहाच्या ग्रुपशी तुलना करून उपयोग नाही. आठदहा लॉटचे एकेक ग्रुप मारून सगळ्यात लहान निवडला तर बऱ्याचदा तुम्ही नशीबवान ग्रुप निवडता, चांगला लॉट नाही. व्हाइसमधून प्रत्येक लॉटचे दहा दहा शॉटचे तीनचार ग्रुप काढा, सरासरी घ्या, त्यात सगळ्यात चांगले ठरलेले दोनतीन लॉट परत मारा. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. आणि हात धुवा, शिसं आहे ते.

पॉइंट टू टू मध्ये, म्हणजे हवेऐवजी दारूवर चालणाऱ्या ०.२२ इंची काडतुसात, गणित बदलतं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं तो २५ मीटर पिस्तुलाचा प्रकार. तिथे गोळीचा वेग सेकंदाला २८० मीटरचा २९० झाला तरी टार्गेटवर उंचीत फरक अडीच मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा, म्हणजे काही बिघडत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तिथे मात्र ३२० आणि ३३० च्या गोळीत उंचीचा फरक सुमारे ७ मिलिमीटर आणि दहाचा गोल अवघा १०.४ चा, म्हणून रायफलवाले लॉटसाठी जीव टाकतात ते बरोबरच आहे. या काडतुसाचं प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला, कडेच्या रिममध्ये फिरवून भरलेलं असतं, घरी परत भरता येत नाही, त्यामुळे निवडणं एवढंच हातात. देवळालीच्या तोफखान्यालाही चार्जचा, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूचा, लॉट आणि त्याचं तापमान हिशोबात धरावं लागतं, तत्त्व तेच.

पिस्तुलवाल्याने पॉइंट टू टू ची गोळी निवडताना दोन गोष्टी बघाव्यात, ती न अडकता फीड होते का आणि धक्का रोज सारखाच देते का, कारण रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट शॉट मारायच्या टप्प्यात, पुढच्या शॉटला साइट कुठे परत येते त्यावर सगळं आहे. अतिवेगवान गोळी नको, २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, तो ओलांडून गेलेल्या गोळीचा वेग परत त्याच्या खाली येताना ती डगमगते आणि धक्काही उगाच वाढतो. याला अर्थात लायसन्स लागतं. एअर पिस्तुल ४.५ मिलिमीटरचं आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लागत नाही, मॅचचं पिस्तुल सहाच्या आसपासच असतं.

राहिली थंडी. जानेवारीत निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, नाशिकलाही सकाळी बोटं आखडतात, अशा वेळी गोळीवरचं मेण कडक होतं, पावडर जरा मंद जळते आणि उन्हाळ्यात मस्त चालणारी गोळी सेमी ऑटोमॅटिकमध्ये पुढची गोळी नीट भरत नाही, म्हणून लॉट ठरवताना एक टेस्ट थंड सकाळी घ्याच. मे महिन्यात डबे गाडीत ठेवू नका. आणि पसंत पडलेला लॉट सीझनभर पुरेल एवढा एकदम घ्या, संपत आला की नवा आणून जुन्याशी शेजारी शेजारी मारून बघा, जुने थोडे शिल्लक असतानाच.