ऑर्मंड : भावकीत एकटा पडलेला सरदार

सतराव्या शतकातल्या आयर्लंडबद्दल वाचायला घेतलं की ऑर्मंड हे नाव दर चार पानांनी समोर येतं. 1641 चं बंड, इंग्लिश पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याची स्वारी, 1660 नंतरची जमिनींची वाटणी, सगळीकडे हा माणूस आहेच. ऑर्मंड हा किताब. नाव जेम्स बटलर. त्याचे निर्णय नुसते सनावळीने वाचले तर कोड्यात टाकतात. ज्यांच्याशी लढला त्यांच्याशीच तह करतो, जे शहर राखलं ते स्वतःच दुसऱ्याच्या हवाली करतो. हे उलगडायचं तर त्याच्या आजोबापासून सुरुवात करावी लागते.

बटलरांचा मूळ पुरुष 1185 मध्ये आयर्लंडात आला. राजाच्या पेल्यात मद्य ओतण्याचा मान त्याच्याकडे, साधारण आपल्या आबदारासारखा, आणि आडनाव पडलं ते त्यावरूनच. बंदरात उतरणाऱ्या वाइनवरचा हक्क या घराण्याने थेट 1811 पर्यंत सांभाळला. किल्केनीचा किल्ला 1391 पासून त्यांचा. वंशाने इंग्रज, धर्माने कॅथलिक आणि राजाशी इमानी अशा घराण्यांना ‘जुने इंग्रज’ म्हणत. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर तिकडून जमिनी मिळवायला आलेल्या ‘नव्या इंग्रजांना’ या जुन्यांचं इमान खरं वाटेना.

ऑर्मंडचा दहावा अर्ल (अर्ल ही सरदारकीची पदवी) 1614 मध्ये वारला. मागे मुलगी एकच. किताब गेला पुतण्याकडे, वॉल्टर बटलरकडे. मुलीचा नवरा रिचर्ड प्रेस्टन हा राजा पहिल्या जेम्सच्या मर्जीतला. वतनाचा वाद राजाकडे गेला आणि राजाने बहुतेक जहागीर प्रेस्टनच्या पदरात टाकली. कट्टर कॅथलिक वॉल्टरने निवाडा मानला नाही, म्हणून लंडनच्या फ्लीट तुरुंगात आठ वर्षं काढली. त्यातच 1619 च्या डिसेंबरात त्याचा मुलगा समुद्रात जहाज फुटून बुडाला. नातू जेम्स तेव्हा नऊ वर्षांचा.

अज्ञान वारसाचं पालकत्व राजाकडे जायचं. ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ हे नाव आपल्याकडेही इंग्रजी अमलात जमीनदारांच्या घरांत ओळखीचं होतं. त्याचं मूळ हेच. राजाने पोराला कँटरबरीचा आर्चबिशप जॉर्ज ॲबट याच्या घरी ठेवलं आणि तो प्रॉटेस्टंट म्हणून वाढला. आई कॅथलिक, भाऊ कॅथलिक, बहिणी कॅथलिक. त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांची बीजं मला या एका व्यवस्थेत दिसतात.

1629 च्या नाताळात त्याने त्याच प्रेस्टनच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं आणि फुटलेली जहागीर पुन्हा एक झाली.

1634 मध्ये डब्लिनला पार्लमेंट भरली. राजाचा डेप्युटी वेंटवर्थ याने फर्मान काढलं होतं की सभागृहात कुणी तलवार आणायची नाही. दारावरच्या अधिकाऱ्याने ऑर्मंडकडे तलवार मागितली. तेवीस वर्षांच्या पोराने बजावलं, तलवार दिलीच तर ती तुझ्या पोटात जाईल, आणि तो सरळ आत जाऊन बसला. जाब विचारला गेला तेव्हा त्याने राजाचं बोलावणं पुढे ठेवलं. त्यात ‘कमरेला तलवार बांधून यावे’ असंच लिहिलं होतं. वेंटवर्थला शिक्षा करता येईना; त्याने पोराला आपल्याकडे ओढून प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळात घेतलं.

1641 च्या ऑक्टोबरात अल्स्टरमध्ये कॅथलिकांचं बंड पेटलं. ऑर्मंड राजाच्या सैन्याचा सेनापती. बंडवाल्यांनी आपल्या महासंघाची राजधानी केली किल्केनी, म्हणजे याच्याच घराण्याचं शहर. महासंघाच्या वरिष्ठ मंडळाचा अध्यक्ष माउंटगॅरेट हाही बटलरच. 1642 मध्ये किलरशच्या लढाईत ऑर्मंडने या माउंटगॅरेटचाच पराभव केला. सख्खा भाऊ रिचर्डही समोरच्या गोटात. पुढे तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिकडून येणाऱ्यांत मस्केरी होता, ऑर्मंडच्या बहिणीचा नवरा. भाऊबंदकीचं युद्ध असं आपण सैल अर्थाने म्हणतो. इथे ते अक्षरशः होतं.

इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपलं होतं आणि पहिल्या चार्ल्सला आयर्लंडातून सैन्य हवं होतं. म्हणून 1643 मध्ये युद्धबंदी आणि 1646 मध्ये तह झाला. पण पोपचा वकील रिनुच्चिनी याने तह मानणाऱ्यांना धर्मबहिष्कृत केलं आणि तो मोडला. पुढच्या वर्षी ऑर्मंडने डब्लिन इंग्लिश पार्लमेंटच्या ताब्यात दिलं. त्याच्या लेखी ती शरणागती नव्हती. शहर प्रॉटेस्टंट इंग्रजांच्या हाती राहिलं तर राजाला परत मिळेल, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. 1649 मध्ये महासंघाशी नवा तह करून तेच डब्लिन घ्यायला तो आला. 2 ऑगस्टला सकाळी, रात्रभर जागून तंबूत आडवा झाला असताना, गोळीबाराच्या आवाजाने त्याला जाग आली. रॅथमाइन्सला त्याचं सैन्य उधळलं. तेराव्या दिवशी क्रॉमवेल उतरला.

त्यानंतर परागंदा राजा दुसऱ्या चार्ल्सबरोबर हलाखीचं दशक गेलं. 1660 मध्ये तो गादीवर आला, ऑर्मंड ड्यूक झाला, पुन्हा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडातला राजाचा प्रतिनिधी झाला, आणि सगळ्यात अवघड काम त्याच्या गळ्यात पडलं. क्रॉमवेलने जमिनी सैनिकांना आणि सावकारांना वाटल्या होत्या. मूळ मालक त्या परत मागत होते. राजाने दोघांनाही शब्द दिला होता. ही वचनं पाळायची तर नवीन आयर्लंड शोधून काढावं लागेल, जुनं पुरणार नाही, असं ऑर्मंडने लिहिलं. 1662 आणि 1665 चे कायदे झाले, तरी 1641 पूर्वी सुमारे 60 टक्के जमीन ज्यांच्याकडे होती त्या कॅथलिकांच्या हाती जेमतेम पाचवा हिस्सा उरला. ऑर्मंडची स्वतःची जहागीर मात्र परत आली, वर आयरिश पार्लमेंटने तीस हजार पौंड दिले. त्याच्या इमानाबद्दल मला आदर आहे; पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी त्याला माफ का केलं नाही, हेही समजतं.

जमिनीवरून राग प्रॉटेस्टंटांमध्येही होता. 1670 च्या डिसेंबरात थॉमस ब्लड आणि साथीदारांनी लंडनच्या रस्त्यात साठीच्या ऑर्मंडला बग्गीतून ओढून एका स्वाराच्या मागे बांधलं. टायबर्नला फाशी द्यायचा बेत होता. म्हाताऱ्याने झटापट करून स्वारासकट स्वतःला खाली पाडलं आणि वाचला. राजाने पुढे ब्लडला माफीच दिली.

आजच्या डब्लिनवर त्याची छाप ठळक आहे. फीनिक्स पार्क, 1680 मध्ये सुरू झालेलं किलमेनहॅमचं जुन्या सैनिकांसाठीचं रॉयल हॉस्पिटल, लिफी नदीकडे तोंड केलेली घरं आणि घाट हे त्याच्या काळातले. याच काळात शहरात ऑन्जिअर स्ट्रीट आखणाऱ्या अर्लचा भाऊ जेराल्ड ऑन्जिअर मुंबईचा गव्हर्नर होता आणि शिवरायांच्या राज्याभिषेकाला ऑक्झिंडेनला रायगडावर पाठवत होता.

1680 मध्ये थोरला मुलगा ऑसरी गेला, 1684 मध्ये एलिझाबेथ. जुलै 1688 मध्ये डॉर्सेटमध्ये ऑर्मंड वारला. त्याच वर्षअखेर ज्या राजघराण्यासाठी त्याने भावकी तोडली त्याचा शेवटचा कॅथलिक राजा फ्रान्सला पळाला. किताब नातवाकडे आला. 1715 मध्ये तो परागंदा स्टुअर्टांना जाऊन मिळाला, राजद्रोही ठरला, जहागीर जप्त झाली आणि 1745 मध्ये परदेशातच मेला.