पीएनपी की एनपीएन? सेन्सर बदलण्याआधी इनपुटला विचारा

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलवर हा प्रकार मी कितीदा पाहिलाय. पॅकिंग मशीनचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे समोर लोखंड आलं की न टेकता सिग्नल देणारा, जातो. दुकानातून त्याच मापाचा नवा येतो : १२ एमएम, २४ व्होल्ट, तीन वायरी. समोर पाना धरला की सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीवरचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरचा) इनपुटचा दिवा ढिम्म. लगेच निकाल, "भो, माल डुप्लिकेट निघाला." माल चांगला असतो. सिग्नल देण्याच्या दोन पद्धती असतात; जुना एनपीएन होता, नवा पीएनपी आलाय, एवढंच. ऑटोनिक्सच्या लेबलवर हा फरक एका अक्षराचा : डीएन म्हणजे एनपीएन, डीपी म्हणजे पीएनपी. ओमरॉनच्या ई२ई मालिकेत शेवटी ई१ असेल तर एनपीएन, एफ१ असेल तर पीएनपी.

दोघांतही तपकिरी वायर २४ व्होल्टची, निळी शून्याची, काळी सिग्नलची. लोखंड समोर आलं की पीएनपी काळ्या वायरवर २४ व्होल्ट सोडतो. एनपीएन तीच काळी वायर शून्याला टेकवतो. त्यामुळे रिले (सिग्नलवर चालणारा स्विच) जोडायचा तर पीएनपीला काळी-निळीच्या मध्ये, एनपीएनला तपकिरी-काळीच्या मध्ये.

जपान, कोरिया, तैवान, चीनकडून आलेल्या मशिनींत एनपीएन जास्त, युरोपच्या मशिनींत पीएनपी. युरोपवाल्यांच्या आवडीमागे कारण आहे. तिथे पॅनेलमध्ये शून्याची लाइन सहसा अर्थिंगला, म्हणजे मशीनच्या बॉडीलाही, जोडलेली असते. जिनिंगमध्ये सिग्नलची वायर घासून मशीनच्या बॉडीला टेकली, तर एनपीएनच्या जोडणीत पीएलसीला वाटतं सेन्सर लागला. माणसाचा हात आत असताना असा खोटा सिग्नल नको. पीएनपीत तीच वायर टेकली तर इनपुट बंदच राहतं. नवीन पॅनेल करताना मी तरी पीएनपीच घेतो. चालू मशीनला मात्र आहे तेच द्यावं.

खरा घोळ शब्दांचा आहे. सिंक म्हणजे करंट आत घेणं. मित्सुबिशीच्या मॅन्युअलमध्ये 'सिंक इनपुट' म्हणजे एनपीएन सेन्सर लागणारं इनपुट. अमेरिकन मॅन्युअलमध्ये 'सिंकिंग इनपुट' म्हणजे नेमकं उलट, पीएनपी लागणारं. एकाने सेन्सरच्या बाजूने नाव ठेवलं, दुसऱ्याने इनपुटच्या. म्हणून फोनवर "सिंक पाहिजे" असं सांगूच नये; एनपीएन किंवा पीएनपी सांगावं.

बऱ्याच पीएलसींना दोन्ही चालतात, फक्त कॉमन, म्हणजे सगळ्या इनपुटांचं सामाईक टर्मिनल, बदलावा लागतो. मित्सुबिशीच्या एफएक्स३यूमध्ये एस/एस टर्मिनल २४ व्होल्टला जोडलं तर एनपीएन, शून्याला जोडलं तर पीएनपी. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये हेच काम १एम टर्मिनल करतं. पण एका कॉमनवर आठ इनपुट असतील तर एका सेन्सरसाठी तो फिरवला की बाकीचे सात झोपतात. अशा वेळी त्या एकट्यासाठी मध्ये छोटा २४ व्होल्टचा रिले टाकायचा. एन्कोडरसारख्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) वेगवान पल्सला मात्र हा जुगाड चालणार नाही, रिले तेवढा पटपट हलत नाही.

जुनं जपानी मशीन असेल तर रंगांवरही भरवसा नको. तेव्हा लाल प्लस, काळी शून्य आणि पांढरी सिग्नल असे. म्हणजे आजची सिग्नलची काळी तिथे शून्याची! नवा सेन्सर रंगाला रंग जोडून लावला तर फसलात.

जुना सेन्सर मेलेला आणि त्यावरचा नंबर पुसलेला असेल तर इनपुटलाच विचारा. सिग्नलची वायर पीएलसीतून काढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब शून्यावर आणि लाल त्या रिकाम्या इनपुटच्या स्क्रूवर. २४च्या आसपास आलं तर एनपीएन आणा. शून्य आलं तर पीएनपी. वायर काढलीच आहे तर तिच्यावर चिकटपट्टी लावून इनपुटचा नंबर लिहून ठेवा.