टायर मिसळणं दोन प्रकारचं: डावी-उजवीकडे वेगळे आणि पुढे-मागे वेगळे

स्पोर्ट्स कारचे मागचे दोन टायर झिजलेत, पुढच्यांत अजून जीव आहे, आणि पुढे जे मॉडेल बसवलंय ते आता बाजारात मिळत नाही. मग दुसऱ्या ब्रँडची जोडी मागे बसवावी का? एक जण सांगतो, 'मिसळ अजिबात करू नका.' दुसरा सांगतो, 'साइज जुळली की झालं.' दोघांच्या डोक्यात बहुतेक वेळा वेगवेगळी परिस्थिती असते. एकाच ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या एकाच जोडीत, डावीकडे एक टायर आणि उजवीकडे दुसरा, हा एक प्रकार. पुढच्या ॲक्सलवर एक जोडी आणि मागच्यावर वेगळी जोडी, हा दुसरा. पहिला प्रकार सरळ चूक आहे. दुसरा तडजोड आहे. जमवता येते, पण तिच्या अटी आहेत.

साइज जुळली म्हणजे काय जुळलं?

बीएमडब्ल्यू एम३च्या एफ८० पिढीत मागे २७५/३५ झेडआर १९ १००वाय असा टायर येतो. २७५ मिमी ही रुंदी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ३५ टक्के, रिम १९ इंचांचं, १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो भार, आणि वाय म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंतचा वेग. रबर किती मऊ आहे, साइडवॉल किती ताठ आहे, पाणी किती झपाट्याने बाहेर फेकलं जातं, यातलं काहीही त्या आकड्यांत नाही. इतकंच काय, रुंदीसुद्धा काटेकोर नसते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत रेडियल टायरची प्रत्यक्ष रुंदी छापील आकड्यापेक्षा ४ टक्क्यांपर्यंत जास्त चालते. २७५ वर ते ११ मिमी होतात. एका ब्रँडचा २७५ दुसऱ्याच्या २८५ला खेटून बसतो तो यामुळेच, आणि सस्पेन्शन खाली घेतलेल्या गाडीत तोच टायर चाकाच्या कमानीला आतून घासतो. म्हणून साइज जुळली तरी उत्पादकाच्या तक्त्यात प्रत्यक्ष रुंदी आणि बाहेरचा व्यास बघायचाच.

डावीकडे एक, उजवीकडे दुसरा

हा प्रकार बहुधा पंक्चरमधून जन्माला येतो. साइडवॉल फाटली, टायर दुरुस्त होण्यातला राहिला नाही, आणि दुकानात तीच साइज दुसऱ्या ब्रँडमध्ये हजर आहे.

वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. डाव्या वळणात उजवा टायर काम करतो, उजव्या वळणात डावा. दोघांची पकड वेगळी असली की गाडी डावीकडे वळताना एक स्वभाव दाखवते आणि उजवीकडे वळताना दुसरा. चालवणाऱ्याला हे सवयीने सांभाळता येत नाही, कारण एका वळणात बसलेला अंदाज पुढच्याच वळणात खोटा ठरतो. जोरात ब्रेक मारल्यावर जास्त पकड असलेल्या बाजूकडे गाडी ओढते. एबीएस चाकं अडकू देत नाही, पण दोन्ही बाजूंची पकड सारखी करणं त्याच्या हातात नाही. साचलेल्या पाण्यात तर एका बाजूचा टायर तरंगायला लागतो तेव्हा दुसरा अजून रस्ता धरून असतो, आणि स्टीअरिंग हातातून हिसकल्यासारखं फिरतं.

ब्रँड एकच असला पण एक टायर नवा आणि दुसरा जुना असला, तरी तक्रार उरतेच. एम३चाच २७५/३५ आर १९ घ्या. नव्या टायरचा व्यास साधारण ६७५ मिमी, घेर २१२१ मिमी. दुसऱ्या बाजूचा टायर ५ मिमी झिजला असेल तर व्यास १० मिमीने घटतो आणि घेर सुमारे ३१ मिमीने. म्हणजे दर किलोमीटरला झिजलेलं चाक ७ फेऱ्या जास्त मारतं. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात टायरच्या आतला पोलादी पट्टा ताणला जात नसल्यामुळे फरक थोडा कमी पडतो. साधं डिफरेन्शियल, म्हणजे एका ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, एवढं पचवतं. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचं कामच मुळात दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणं असल्याने, त्याच्या आतल्या क्लच प्लेट सरळ रस्त्यावरही घासत राहतात. तेल तापतं, प्लेट लवकर जातात, आणि बिल टायरच्या जोडीपेक्षा मोठं येतं.

म्हणून नियम एकच: एका ॲक्सलवर ब्रँड, मॉडेल आणि साइडवॉलवरचे शिक्के तेच, आणि झीज जवळपास सारखी. जोडीतला शिल्लक टायर निम्म्याहून जास्त झिजलेला असेल तर दोन्ही बदला. शिल्लक टायर चांगला असेल तर तोच टायर शोधेपर्यंत थांबा. 'तात्पुरता बसवू' म्हणून लावलेला वेगळ्या ब्रँडचा टायर झिजून गोटा होईपर्यंत तिथेच राहतो, हे प्रत्येक टायरवाल्याला ठाऊक असतं.

मिसळ वाटत नाही, पण मिसळच

नाव तेच, साइज तीच, तरी टायर वेगळा असू शकतो. कार उत्पादक टायर कंपनीकडून आपल्या गाडीपुरता वेगळा घाट करून घेतात आणि साइडवॉलवर खूण छापून घेतात. पोर्शसाठी एन-०, एन-१, एन-२ असे शिक्के, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. शिक्का असलेला मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस आणि शिक्का नसलेला ४एस शेजारी ठेवले तर नक्षी सारखी दिसते, पण आतली बांधणी किंवा रबराचं मिश्रण वेगळं असू शकतं. एका ॲक्सलवर हे दोन बसवणं म्हणजे दोन मॉडेल मिसळणंच.

पोर्शच्या शिक्क्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. एन-२ हा एन-०पेक्षा 'वरच्या दर्जाचा' नसतो. त्याच मॉडेलची नंतरची आवृत्ती, एवढाच त्याचा अर्थ. नव्या मॉडेलचा एन-० हा जुन्या मॉडेलच्या एन-४पेक्षा कितीतरी अलीकडचा असू शकतो.

रनफ्लॅट आणि साध्या टायरची जोडीही याच खात्यात जाते. रनफ्लॅटची साइडवॉल मुद्दाम ताठ केलेली असते, हवा गेल्यावर गाडीचं वजन तिलाच पेलायचं असतं. शेजारी साधा टायर आला की एक बाजू दबते आणि दुसरी दबत नाही.

पुढे एक जोडी, मागे दुसरी

इथे डावं-उजवं समान राहतं, त्यामुळे गाडी ओढत नाही. बिघडतो तो पुढच्या आणि मागच्या पकडीचा तोल. मुळात तो तोल बरोबरीचा नसतोच. कारखान्यातच सस्पेन्शन, टायरची रुंदी आणि हवेचा दाब असा बसवलेला असतो की मर्यादा ओलांडली तर आधी पुढचं टोक सरकावं. गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते, चालवणारा ॲक्सिलरेटर सोडतो, आणि गाडी परत ओळीत येते. मागचं टोक आधी सुटलं तर मात्र ती स्वतःभोवती फिरू लागते, आणि तिला सावरायला लागणारं कसब व वेळ बहुतेकांकडे नसतो. स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला ब्रेक लावून सावरू बघतो, पण जी पकड रबरातच नाही ती तो आणणार कुठून?

तेव्हा पहिली अट: मागची जोडी पुढच्यापेक्षा कमकुवत नको, विशेषतः ओल्या रस्त्यावर. चारही चाकं एका साइजची असतील तर नवी जोडी मागे टाकायची आणि मागची बरी जोडी पुढे आणायची, हे सोपं आहे. स्पोर्ट्स कारमध्ये पंचाईत अशी की मागचे टायर रुंद असतात. पोर्श ९११ कॅरेरा एसच्या ९९२ पिढीत पुढे २४५/३५ आर २० आणि मागे ३०५/३० आर २१. रिमचा व्याससुद्धा वेगळा. अदलाबदल अशक्य. मागच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत झिजतात आधी मागचेच, म्हणून सहसा नवी जोडी आपोआप मागे जाते आणि काही बिघडत नाही. उलटं झालं, पुढचे संपले आणि मागच्यांत ३ मिमीच नक्षी उरली, तर पुढे चांगल्या पकडीची ताजी जोडी टाकणं म्हणजे मागचं टोक सुटायची सोय करणं. अशा वेळी चारही बदलावेत. खर्च दुखतो, मान्य आहे.

दुसरी अट जातकुळीची. ब्रँड वेगळा एकवेळ चालेल, वर्ग वेगळा नको. पायलट स्पोर्ट ४एस, पिरेली पी झीरो, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट हे सगळे रस्त्यावरच्या उन्हाळी परफॉर्मन्स टायरच्या एकाच वर्गातले. पायलट स्पोर्ट कप २ त्या वर्गातला नाही. तो ट्रॅककडे झुकलेला आहे, त्याच्या नक्षीत चर कमी आहेत आणि रबर तापल्यावरच तो खुलतो.

पुढे ४एस आणि मागे कप २ अशी जोडी काही जण हौसेने लावतात, 'मागे जास्त पकड, म्हणजे सुरक्षितच' असा हिशेब करून. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर हा हिशेब बरोबर येतो. गाडी थोडी आळशी वळते, बस. पण थंड सकाळी पाऊस पडत असेल तर मागचा टायर तापतही नाही आणि पाणीही पुरेसं काढत नाही, पुढचा मात्र निवांत काम करत असतो. कालपर्यंत जी गाडी नाक बाहेर काढत होती ती आज शेपूट बाहेर काढते. हवामानाप्रमाणे स्वभाव उलटा होणारी गाडी ही कायम एकाच बाजूला बिघडलेल्या गाडीपेक्षा वाईट, कारण तिची सवयच लागत नाही. उन्हाळी आणि ऑल-सीझन टायरची जोडीही असाच खेळ करते: साधारण ७ अंशांखाली उन्हाळी रबर ताठरायला लागतं, ऑल-सीझनचं लागत नाही.

साइडवॉलच्या ताठपणाचा परिणाम कमी धोक्याचा, पण रोज जाणवणारा. पुढचा टायर मऊ आणि मागचा ताठ असेल तर स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. पुढचा ताठ आणि मागचा मऊ असेल तर नाक लगेच वळतं, मागचा भाग उशिरा येतो, आणि वेगात लेन बदलताना गाडी डुलते. हा डुलणारा प्रकार जास्त त्रासाचा. मागच्या दाबात ०.१ ते ०.२ बार वाढ करून तो थोडा आवरतो, तोही दरवाज्याच्या चौकटीवरच्या तक्त्याच्या आसपास राहूनच.

तुलना करताना ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती सावकाश झिजतो याचा, आकडा पुढे केला जातो. ४एसवर ३००, कप २वर १८० असं छापलेलं असतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तो उपयोगी आहे. दोन कंपन्यांमध्ये त्यावर भिस्त ठेवू नये, कारण हा अमेरिकी श्रेणीचा आकडा उत्पादक स्वतःच ठरवून छापतो. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी युरोपीय लेबलची ए ते ई ही श्रेणी जास्त कामाची. पुढच्या आणि मागच्या जोडीत तिथे एका पायरीपेक्षा जास्त फरक नसावा, आणि असलाच तर चांगली श्रेणी मागे.

चारही चाकांना ताकद जात असेल तर

मग पुढे-मागे वेगळी जोडी ही तडजोडही अवघड होते. निसान जीटी-आरच्या आर३५मध्ये पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २०. गणिताने पुढचा व्यास ७१२ मिमी, मागचा ७०७.५; पुढचा किंचित मोठा. पुढचे टायर ५ मिमी झिजलेले असताना मागे नवी जोडी टाकली तर पुढचा ७०२ वर येतो आणि नातं उलटं होतं. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ताकद वाटणारा मधला क्लच ठरावीक फरक गृहीत धरून काम करतो. फरक मर्यादेबाहेर गेला की तो घासतो, तापतो, किंवा संगणक चाक घसरतंय समजून नको तिथे मध्ये पडतो. मर्यादा किती कडक असू शकते हे सुबारूच्या सूचनेवरून कळतं: घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे ६.४ मिमीच्या आत. नक्षी १ मिमी झिजली की घेर ६.३ मिमीने घटतो. दुसऱ्या ब्रँडचा टायर तर नवाकोरा असतानाच व्यासात एवढा फरक घेऊन येऊ शकतो. तेव्हा अशा गाडीत चारही एकदम बदलणं हाच साधा मार्ग.

खरेदीच्या आधी आणि नंतर

नक्षीची खोली प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. स्पोर्ट्स कारच्या चाकांना वरून आत झुकवलेलं असतं, त्यामुळे बाहेरून ४ मिमी दिसणारा टायर आतल्या कडेला १.६ मिमीवर, म्हणजे बऱ्याच देशांतल्या कायदेशीर किमान खोलीवर, आलेला असतो. मागून हात घालून आतली कड चाचपली नाही तर हे कळत नाही. मग टायर कधी बनला ते कळायला साइडवॉलवरच्या डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पूर्ण आकडा कधीकधी एकाच बाजूला असतो, तो आत गेला असेल तर गाडी उचलावी लागेल. जोडीतल्या दोघांच्या तारखा काही आठवड्यांच्या अंतरात असल्या की पुरे.

बसवताना बाहेरची बाजू दाखवणारी खूण खरंच बाहेर आहे ना आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढे आहे ना, हे गाडी जॅकवरून उतरण्याआधी स्वतः बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट लगेच करून घ्या. आतली कड खाल्लेली दिसली असेल तर टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असण्याची शक्यता जास्त, आणि तसाच सोडला तर नवी जोडीही तशीच जाईल. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर पृष्ठभाग साच्यातल्या लेपामुळे निसरडा असतो. तेवढं अंतर संपल्यावर मोकळ्या जागी, ओल्या जमिनीवर, कमी वेगात गोल फिरवून कुठलं टोक आधी सरकतं ते बघा. मागचं सरकलं तर आधी दाब तपासा. दाब बरोबर असूनही तेच होत असेल तर ती जोडी त्या गाडीला जमलेली नाही, पुढचेही बदला.