मोशन सेन्सर (स्मार्ट घर)

हालचाल टिपून दिवे, पंखे किंवा धोक्याची घंटा यांना इशारा देणारे छोटे उपकरण. नावात हालचाल असली तरी घरात त्याच्याकडून अपेक्षा असते ती खोलीत कोणी आहे की नाही, हे सांगण्याची. हालचाल आणि वावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड). तो स्वतः किरण सोडत नाही; शरीरातून निघणारे, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो. आत पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमान बदलले की विद्युत संकेत देणाऱ्या, पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर संकेत शून्य. समोरचे खवल्यांसारखे दिसणारे फ्रेनेल भिंग खोलीचे अदृश्य पट्टे पाडते, आणि माणूस पट्टा ओलांडतो तेव्हा दोन तुकड्यांचा तोल ढळतो. म्हणूनच आडवा जाणारा माणूस चटकन टिपला जातो, सरळ सेन्सरच्या दिशेने येणारा उशिरा आणि वाचत बसलेला मुळीच नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेपलीकडचे त्याला दिसत नाही. खोली शरीराइतकी तापली की त्याची नजर मंदावते.

बसलेल्या माणसासाठी मिलिमीटर-वेव्ह रडार येते. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालणारा हा सेन्सर श्वासाबरोबर हलणारी छातीही ओळखतो. मात्र फिरता पंखा, हलता पडदा आणि पातळ भिंतीपलीकडचा शेजारीही त्याला माणूसच वाटू शकतो. वीजही जास्त लागते, म्हणून तो बहुधा अडॅप्टरवर चालतो. दिवा लावायला पीआयआर आणि तो चालू ठेवायला रडार, ही जोडी सर्वांत कमी त्रास देते.

पीआयआर साधारण दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, दारातून आत येणारा माणूस आडवा जाईल अशा कोपऱ्यात लावावा. थेट ऊन, हीटर आणि एसीचा झोत टाळावा. घरात मांजर असेल तर भिंगाच्या खालच्या भागावर अपारदर्शक चिकटपट्टी लावण्याचा साधा उपायही चालतो.

दिवा लावणे सोपे. खरी डोकेदुखी तो कधी मालवायचा ही. जिन्यात दोन मिनिटे पुरतात, अभ्यासाच्या खोलीत पंधराही कमी पडतात. बॅटरीवरचे अनेक सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर काही काळ, बरेचदा मिनिटभर, गप्प बसतात. दिव्याची मुदत त्याहून कमी ठेवली तर समोर हातवारे करूनही अंधार होतो. बाथरूममध्ये मुदत वाढवण्यापेक्षा दाराला त्याची उघडझाप टिपणारा सेन्सर लावणे बरे: दार बंद झाल्यावर आत हालचाल दिसली, की दार उघडेपर्यंत आत कोणीतरी आहे असे धरायचे. उजेड मोजून दिवा लावायचा असेल, तर ती अट फक्त लावताना तपासावी; नाहीतर दिवा स्वतःच्याच उजेडाने मालवतो आणि पुन्हा लागतो. आणि कोणी हाताने बटण दाबले, तर दिवा आपोआप चालवणाऱ्या नियमाने मुकाट्याने माघार घ्यावी.

जोडणी झिगबी, झेड-वेव्ह, थ्रेड किंवा वाय-फाय अशा बिनतारी पद्धतींवर होते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत म्हणून २०२२ मध्ये मॅटर हे मानक आले. नियम घरातल्याच हबवर (सगळी उपकरणे जोडणाऱ्या केंद्रावर) चालवले तर इंटरनेट गेले तरी दिवा लागतो आणि घरातले कोण कधी उठते याची नोंदही बाहेर जात नाही.

बटण-सेल किती उरला हे दाखवणाऱ्या टक्केवारीवर फार विसंबू नये. लिथियम सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. बंद पडलेला सेन्सर आणि रिकामी खोली, दोन्हींकडून सारखीच शांतता येते. त्यामुळे सेन्सरचा शेवटचा संदेश कधी आला ते पाहणारा एक नियम करावा आणि दिवसभर काहीच आले नाही तर फोनवर सूचना मागवावी.