पासष्ट वर्षांपूर्वीचा गोवर

1846 च्या मार्चअखेरीस कोपनहेगनहून आलेलं एक जहाज फॅरो बेटांवर लागलं. उत्तर अटलांटिक समुद्रातली ही बेटं डेन्मार्कच्या ताब्यातली, मासेमारी आणि मेंढ्यांवर जगणारी. जहाजातून उतरलेल्या एका सुताराच्या अंगात गोवराचा विषाणू होता. पुढच्या काही महिन्यांत बेटांवरच्या सुमारे 7,800 माणसांपैकी जवळजवळ 6,000 जण गोवराने आजारी पडले. त्यांत तान्ही मुलं होती, तशी म्हातारी माणसंही होती.

डेन्मार्क सरकारने साथीचा अभ्यास करायला पाठवलेल्यांपैकी पेटर पानुम हा डॉक्टर तेव्हा पंचविशीतला होता. तो या बेटावरून त्या बेटावर, घरोघर हिंडला आणि कोण कधी आजारी पडलं हे लिहीत गेला. संसर्ग झाल्यापासून तेरा-चौदा दिवसांनी पुरळ उठतं, हे त्याला या नोंदींतूनच उमगलं. त्याच नोंदींत आणखी एक विलक्षण गोष्ट होती. बेटांवर याआधी गोवराची साथ आली होती ती 1781 साली. त्या साथीत गोवर होऊन गेलेले 98 वृद्ध पानुमला भेटले आणि या वेळी त्यांतल्या एकालाही गोवर झाला नव्हता. त्यांच्याच वयाच्या, पण लहानपणी गोवर न झालेल्या कित्येकांना मात्र या वेळी झाला.

मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवराची एकही साथ आली नव्हती. म्हणजे त्या म्हाताऱ्यांच्या शरीरांना कोणी आठवण करून दिली नव्हती. तरी ती शरीरं विसरली नव्हती.

रोगप्रतिकारशक्ती या शब्दातल्या ‘शक्ती’मुळे आपला थोडा घोटाळा होतो, असं मला वाटतं. शक्ती म्हटलं की ती कमी-जास्त होणार, काढे आणि गोळ्या घेऊन वाढणार, अशी कल्पना मनात बसते. पण ही शक्ती नुसतीच वाढली, तर ती आपल्याच अंगावर उलटते. संधिवाताच्या एका प्रकारात हीच यंत्रणा आपल्या सांध्यांवर हल्ला करते. आपल्याला वाचवणारी खरी गोष्ट म्हणजे ओळख. कोण परका, कोण आपला, आणि हा परका पूर्वी कधी येऊन गेला होता का, ही ओळख.

पायात काटा मोडला की काही तासांत तिथे लाली येते, सूज येते, ठणका लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून गेलेल्या असतात. जंतू कुठलाही असो, त्या त्याला गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांच्याच मृतदेहांचा खच. ही फळी तत्पर असते, पण दहाव्यांदा काटा मोडला तरी ती साधारण पहिल्यासारखीच वागते. मागच्या वेळचं फारसं काही तिच्या ध्यानात राहत नाही.

ध्यानात ठेवण्याचं काम दुसरीकडे चालतं. जखमेजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत जातात. पायाच्या जखमेनंतर जांघेत गाठ येते, ती याच धावपळीमुळे. गावाकडे तिला अवधान म्हणतात. गाठीत बी-पेशी नावाच्या लाखो पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराचा पकडणारा हात असतो. हे हात कोणत्या आजारासाठी म्हणून बनवलेले नसतात. पेशी तयार होताना तिच्या जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडले जातात आणि त्यातून अगणित आकार निघतात. हे कसं घडतं ते दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना 1987 चं नोबेल मिळालं. जंतूचा तुकडा एखाद्या हातात नेमका बसला की ती पेशी दुणावत जाते. तिच्या पिल्लावळीत हाताचा आकार किंचित बदलतो आणि ज्यांची पकड अधिक घट्ट, त्या टिकतात. या सगळ्याला आठवडा-दहा दिवस लागतात. पहिल्यांदा आलेला जंतू आपल्याला अंथरुणाला खिळवतो तो या दिवसांत.

आजार ओसरला की बहुतेक पेशी मरतात. थोड्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. काही अस्थिमज्जेत, हाडांच्या पोकळीत, मुक्काम ठोकतात आणि प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, गाळत राहतात. रक्तातली प्रतिपिंडं स्वतः अल्पायुषी असतात, तीनेक आठवड्यांत निम्मी संपतात. म्हणजे फॅरोच्या त्या म्हाताऱ्यांच्या हाडांत हे काम पासष्ट वर्षं अखंड चालू होतं. 2007 मध्ये अमेरिकेत 45 जणांच्या अनेक वर्षांच्या रक्तनमुन्यांवरून हिशेब मांडला गेला. धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडं निम्मी व्हायला साधारण 11 वर्षं लागतात, असं निघालं. गोवराच्या बाबतीत ती घट इतकी मंद होती की आकडा 3,000 वर्षांच्या वर गेला. माणसाचं आयुष्य त्याच्यापुढे काहीच नाही. शिवाय फ्लूचा विषाणू दर काही वर्षांनी चेहरा बदलतो, तसा गोवराच्या विषाणूला बदलता येत नाही. त्यामुळे जुनी ओळख कामी येते.

आणि तरीही गोवर हाच या आठवणीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. हा विषाणू श्वासावाटे येतो आणि पेशीत शिरण्यासाठी जी कडी पकडतो, ती नेमकी प्रतिकारयंत्रणेच्या पेशींवर, त्यातही स्मृतिपेशींवर असते. मग तो त्यांच्याच पाठीवर बसून शरीरभर फिरतो. दोन आठवड्यांनी पुरळ उठतं. गोवर अंगावर नीट उठला की बरं, असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणत. त्यात निरीक्षण होतं. ते पुरळ म्हणजे टी-पेशी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी त्वचेतल्या बाधित पेशींवर केलेला हल्ला असतो. ज्या मुलांच्या टी-पेशी निकामी असतात, त्यांना कधी कधी पुरळच उठत नाही आणि आजार फुफ्फुसांत जाऊन जिवावर बेततो. मात्र पुरळ उठलं म्हणजे धोका टळला, असंही नाही.

पुरळ मावळतं, ताप उतरतो, मूल खेळायला लागतं. पण या लढाईत बाधित स्मृतिपेशीही मारल्या गेलेल्या असतात. 1908 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केटला याची चाहूल लागली होती. त्वचेवरच्या चाचणीत क्षयाला ओळखणारी मुलं गोवर झाला की काही काळ क्षयाला ओळखेनाशी होत. याचं मोजमाप 2019 मध्ये झालं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची त्यांची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली होती. आईबापांनी रात्री जागून निभावलेली कितीतरी दुखणी त्या मुलांच्या शरीरांना आता नव्याने शिकायची होती. त्याआधी 2015 मध्ये इंग्लंड, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या मृत्यूनोंदींवरून दिसलं होतं की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं मुलं इतर संसर्गांनी जास्त दगावतात. ते मृत्यू गोवराच्या खात्यावर कधी लिहिलेच गेले नव्हते. मला या सगळ्या अभ्यासातली ही सर्वांत दुःखद ओळ वाटते.

लसीतला विषाणूही जिवंतच असतो, पण पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केलेला. त्याचं मूळ 1954 मध्ये बॉस्टनजवळच्या एका आजारी शाळकरी मुलाकडून घेतलेल्या नमुन्यात आहे आणि पुण्यात बनणाऱ्या लसीतला वाणही त्याच वंशातला. तो गोवराची ओळख पटवतो. लस घेतलेल्या मुलांची बाकीची प्रतिपिंडं त्याच 2019 च्या अभ्यासात शाबूत आढळली.

आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, यालाही आठवणच कारण आहे. बाळ पोटात असताना आईची प्रतिपिंडं नाळेतून त्याच्याकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. ती भरपूर असताना लस दिली, तर ती लसीतल्या विषाणूलाच पकडतात आणि बाळाचं शरीर स्वतः काही शिकत नाही. ती विरत आली की लस द्यायची. पहिल्या डोसने काही मुलं शिकत नाहीत, म्हणून 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा. मधल्या काळात, आईचं देणं सरलेलं आणि स्वतःचं अजून न जमलेलं, अशा बाळाचा जीव आजूबाजूच्या मुलांना लस मिळालेली आहे की नाही यावर असतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला. तेव्हा काही ठिकाणी डोसचं वेळापत्रक अलीकडे ओढून सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.